सेरी बी २००६-०७ : युव्हेंटस खालच्या वर्गात खेळला त्या वर्षाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एवढे हंगाम झाले, मग याच हंगामाबद्दल लोक अजून का विचारतात?

कारण असा हंगाम पुन्हा झालेला नाही. नुकताच फुटबॉलचा विश्वचषक उंचावलेला गोलरक्षक बुफोन दोन महिन्यांनी युव्हेंटसकडून सेरी बीत, म्हणजे इटलीच्या दुसऱ्या वर्गात, जेमतेम दहा हजारांच्या आसपास लोक मावतील अशा मैदानावर उभा होता. त्याच वर्गात मॅराडोनाचा नापोली होता, इटलीतला सर्वांत जुना क्लब जेनोआ होता, आणि लीगचं विजेतेपद मिळवलेले बोलोन्या आणि वेरोनाही होते. वरच्या वर्गाला हेवा वाटावा असा खालचा वर्ग!

बहुतेक जण मात्र ही गोष्ट युव्हेंटसपुरतीच सांगतात: मोठा संघ पडला, उठला, परत गेला. माझं मत वेगळं आहे. या हंगामाची खरी गोष्ट तोस्कानातल्या अरेत्सो नावाच्या गावात घडली. तिच्याकडे येऊच, आधी पाया घालू.

सेरी बीचे त्या वर्षीचे नियम काय होते?

बावीस संघ, प्रत्येकाचे ४२ सामने. पहिले दोन थेट वर. तिसरी जागा प्लेऑफमधून, म्हणजे तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाच्या संघांत लढत. पण तिसरा संघ चौथ्याच्या १० किंवा अधिक गुणांनी पुढे असेल, तर प्लेऑफ रद्द आणि तिसराही थेट वर. हा नियम लक्षात ठेवा, शेवटच्या दिवशी सगळा खेळ त्याच्यावरच झाला.

खाली शेवटचे तीन संघ थेट तिसऱ्या वर्गात, म्हणजे तेव्हाच्या सेरी सी-१ मध्ये. खालून चौथा आणि पाचवा यांच्यात प्लेआउट, हरेल तोही खाली.

युव्हेंटस खाली आलाच कसा? तो तर कधीच उतरला नव्हता ना?

नव्हता. १८९७ मध्ये स्थापन झालेला हा क्लब तोवर एकदाही पहिल्या वर्गाबाहेर गेला नव्हता. आणि २००६ मध्येही तो मैदानावर हरून उतरला नाही. त्या वर्षी तो गुणतक्त्यात पहिला होता.

मे २००६ मध्ये फोनवरच्या संभाषणांचे उतारे इटालियन वर्तमानपत्रांत छापून येऊ लागले. युव्हेंटसचे सरव्यवस्थापक लुचानो मोज्जी सामन्यांसाठी पंच नेमणाऱ्या अधिकाऱ्यांशी थेट बोलत होते. कोणत्या सामन्याला कोणता पंच, कोण बरा, कोण नको, अशी ती बोलणी. या प्रकरणाला 'कॅल्चोपोली' हे नाव पडलं. कॅल्चो म्हणजे फुटबॉल. मिलान, फिओरेन्टिना, लाझिओ आणि रेज्जिना हेही त्यात अडकले.

युव्हेंटसची २००४-०५ आणि २००५-०६ ची दोन्ही विजेतेपदं काढून घेण्यात आली. पहिलं कुणालाच दिलं नाही, दुसरं मिलान शहरातल्या इंटर या क्लबला दिलं. त्यावरून इटलीतली भांडणं अजून मिटलेली नाहीत आणि मिटतील असं वाटतही नाही.

म्हणजे मॅच फिक्सिंग होतं का?

आपल्याकडे क्रिकेटमध्ये ज्याला फिक्सिंग म्हणतात, म्हणजे पैसे घेऊन मुद्दाम हरणं, तसं नाही. आरोप पंचांच्या नेमणुकीवर दबाव आणून आपल्याला सोयीचं वातावरण तयार करण्याचा होता. मोज्जींवर पुढे फुटबॉलमधून आजीवन बंदी आली.

शिक्षा किती गुणांची होती? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

कारण आकडा खरोखरच बदलत गेला. इटलीने ९ जुलै २००६ ला बर्लिनमध्ये विश्वचषक जिंकला. पाचच दिवसांनी, १४ जुलैला, पहिला निकाल आला: युव्हेंटस सेरी बीत आणि उणे ३० गुण. फिओरेन्टिना आणि लाझिओ यांनाही तेव्हा सेरी बीतच पाठवलं होतं. २५ जुलैला अपिलात ते दोघे वाचले, गुणकपातीवर सुटले. युव्हेंटस खालीच राहिला, पण उणे ३० चे उणे १७ झाले. हंगाम सुरू झाला तेव्हा हाच आकडा होता. ऑक्टोबरच्या अखेरीस इटलीच्या ऑलिम्पिक समितीच्या लवादाने आणखी आठ गुण परत दिले. शेवटचा आकडा उणे ९.

आता एक गंमतीचा हिशोब करून बघा. युव्हेंटसने मैदानावर ९४ गुण मिळवले: २८ विजय, १० बरोबऱ्या, ४ पराभव. उणे ९ धरून ८५, म्हणजे पहिला क्रमांक. नापोली ७९, जेनोआ ७८, चौथा पियाचेन्झा ६८. हेच उणे १७ कायम राहिले असते तर युव्हेंटसचे ७७ झाले असते. म्हणजे तिसरी जागा, आणि चौथ्याशी अंतर अवघं नऊ! दहाचा नियम आठवतो ना? युव्हेंटसला प्लेऑफ खेळावा लागला असता. अर्थात गरज असती तर शेवटचे दोन सामने त्यांनी तसे हरले नसते, त्यामुळे या हिशोबाला फार ताणू नका. पण लवादाचे ते आठ गुण कागदावर दिसतात तेवढे किरकोळ नव्हते.

कोण सोडून गेलं आणि कोण थांबलं?

प्रशिक्षक फाबिओ कापेल्लो रेआल माद्रिदला गेले. त्यांच्यापाठोपाठ कान्नाव्हारो आणि एमेर्सन. झाम्ब्रोत्ता आणि थुरां बार्सेलोनाला. इब्राहिमोविच आणि विएरा थेट इंटरला, ज्यांना युव्हेंटसचं विजेतेपद मिळालं होतं त्यांच्याचकडे. ही गोष्ट तोरिनोतल्या, म्हणजे युव्हेंटसच्या शहरातल्या, समर्थकांना किती झोंबली असेल ते सांगायला नको.

थांबले ते बुफोन, देल पिएरो, नेदव्हेद, त्रेझेगे आणि कामोरानेझी. यांतले तिघे त्या उन्हाळ्यातले विश्वविजेते. त्रेझेगे १९९८ चा विश्वविजेता, शिवाय बर्लिनच्या अंतिम सामन्यात पेनल्टी क्रॉसबारवर मारून आलेला. नेदव्हेद २००३ चा बालोन द'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, जिंकलेला. युव्हेंटसला इटलीत लाडाने 'म्हाताऱ्या बाईसाहेब' म्हणतात, आणि या पाच जणांनी बाईसाहेबांचा पदर सोडला नाही.

आणखी एक. २००६ चा बालोन द'ओर कान्नाव्हारोला मिळाला आणि दुसरा आला बुफोन. मतमोजणी जाहीर झाली तेव्हा हा जगातला दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू दर शनिवारी सेरी बीत खेळत होता.

पहिला सामना कुठे झाला?

रिमिनीला, ९ सप्टेंबर २००६. आद्रिआतिक किनाऱ्यावरचं, उन्हाळी पर्यटकांचं गाव. उणे १७ वर असलेला युव्हेंटस आला, मात्तेओ पारोने गोल केला, रिमिनीच्या आद्रिआन रिक्यूतीने बरोबरी साधली. १-१. पहिल्याच दिवशी कळलं की नाव बघून कुणी वाट सोडणार नाही. रिमिनीच्या गोलात तेव्हा सामीर हांदानोविच होता. पुढे तो वर्षानुवर्षं इंटरचा गोलरक्षक झाला, हे तेव्हा कुणाला ठाऊक? तो रिमिनी पाचवा आला.

देल पिएरोचं वर्ष कसं गेलं?

वीस गोल, सेरी बीत सर्वाधिक. युव्हेंटससाठीचा त्याचा दोनशेवा गोलही याच हंगामातला, ऑक्टोबरात फ्रोझिनोनेच्या मैदानावर. फ्रोझिनोने हा रोमच्या दक्षिणेचा छोटा संघ, सेरी बीत त्याचं ते पहिलंच वर्ष. क्लबच्या इतिहासातला एवढा मोठा टप्पा सान सिरो किंवा बेर्नाबेऊसारख्या नामवंत मैदानावर नाही, तर तिथे पार पडला. मला ते आवडतं. पुढच्याच हंगामात तो सेरी आमध्ये, म्हणजे पहिल्या वर्गात, २१ गोल करून पुन्हा सर्वाधिक गोल करणारा ठरला. लागोपाठ दोन वर्षं, दोन वेगवेगळ्या वर्गांत.

युव्हेंटस कोणाकोणाकडून हरला?

चारच वेळा. जानेवारीत मांतोव्हाकडून ०-१, हा पहिला पराभव. नंतर ब्रेशाकडून १-३. मग वर जाणं पक्कं झाल्यावर बारीकडून ०-१, आणि शेवटच्या दिवशी घरच्या मैदानावर स्पेत्सियाकडून २-३. या शेवटच्या पराभवाने आणखी एका संघाचा बळी घेतला, पण तो पुढचा प्रश्न.

घरचं मैदान म्हणजे तोरिनोचं ऑलिंपिको. त्याच वर्षीच्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी डागडुजी केलेलं. आताचं स्वतःचं स्टेडियम २०११ चं.

संघ पहिला आला, मग प्रशिक्षक देशां का गेला?

दिदिए देशां हा युव्हेंटसचा जुना खेळाडू, आणि मोनाकोला २००४ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलेला प्रशिक्षक. १९ मे २००७ ला अरेत्सोत ५-१ जिंकून वर जाणं निश्चित झालं. आठवडाभराने मांतोव्हाला २-० हरवलं, आणि त्यानंतर लगेच त्याने राजीनामा दिला. व्यवस्थापनाशी पटत नव्हतं. उरलेले दोन सामने सहायक जानकार्लो कोर्रादिनी यांनी सांभाळले आणि दोन्ही हरले. पुढच्या वर्षासाठी क्लाउदिओ रानिएरी आले. देशांचं मात्र काही अडलं नाही, २०१८ मध्ये फ्रान्सचा प्रशिक्षक म्हणून त्याने विश्वचषक जिंकला.

नापोली तिथे काय करत होता? त्यांनाही शिक्षा झाली होती का?

नाही, त्यांचं दिवाळं निघालं होतं. १९८७ आणि १९९० ची विजेतेपदं जिंकणारा क्लब २००४ च्या उन्हाळ्यात कर्जात बुडाला आणि बंद झाला. चित्रपट निर्माते आउरेलिओ दे लाउरेन्तीस यांनी 'नापोली सॉकर' नावाने नवा क्लब काढून तिसऱ्या वर्गातून सुरुवात केली. पहिल्या वर्षी प्लेऑफमध्ये आवेल्लिनोने अडवलं, दुसऱ्या वर्षी वर आले, आणि जुनं नाव परत मिळालं. म्हणजे २००६-०७ मध्ये युव्हेंटस वरून खाली येत होता, नापोली खालून वर जात होता, आणि दोघांची गाठ मधल्या मजल्यावर पडली.

प्रशिक्षक एदी रेया. पुढे कालाइओ आणि सोसा, मधल्या फळीत बोल्यासिनो, मागे पाओलो कान्नाव्हारो, म्हणजे विश्वविजेत्या कप्तानाचा धाकटा भाऊ. नोव्हेंबरात युव्हेंटस सान पाओलोवर, म्हणजे नापोलीच्या मैदानावर, आला तेव्हा १-१ झालं: देल पिएरोचा गोल, बोल्यासिनोची बरोबरी. दुसऱ्या वर्गातला सामना आणि वातावरण पहिल्या वर्गाला लाजवणारं.

आणि जेनोआ?

त्यांची कथा सर्वांत विचित्र. १८९३ चा क्लब, नऊ विजेतेपदं, शेवटचं १९२४ मध्ये. २००५ मध्ये सेरी बीत पहिले आले, शहराने जल्लोष केला, आणि मग शेवटचा सामना व्हेनेझियाशी संगनमत करून जिंकल्याचं सिद्ध झालं. वर जाण्याऐवजी थेट तिसऱ्या वर्गात. वर्षभरात तिथून प्लेऑफ जिंकून परत आले. त्यामुळे २००६-०७ मध्ये जेनोआकर बारा वर्षांपासून सेरी आची वाट बघत होते, आणि मधे एकदा हातातोंडाशी आलेला घास गेलेला होता.

क्रोतोनेहून आलेला जान पिएरो गास्पेरिनी हा त्यांचा प्रशिक्षक. पुढे आतालान्ताला युरोपभर ओळख मिळवून देणारा तोच हा. तीन बचावपटू आणि सतत धावणारे बाजूचे खेळाडू ही त्याची पद्धत पहिल्यांदा मोठ्या मैदानावर दिसली ती या जेनोआत.

प्लेऑफ का झाला नाही? १० जून २००७ ला नेमकं काय घडलं?

शेवटच्या दिवशी वेळापत्रकाने कमाल केली: जेनोआ विरुद्ध नापोली, जेनोआच्या लुईजी फेर्रारिस मैदानावर. दुसरा विरुद्ध तिसरा. सकाळी नापोली ७८, जेनोआ ७७, आणि चौथा पियाचेन्झा ६७ गुणांवर, त्यांचा सामना त्रिएस्तेत.

आता बघा. जेनोआत बरोबरी झाली तर जेनोआचे ७८. पियाचेन्झा त्रिएस्तेत जिंकला तर त्यांचे ७०, अंतर आठ, म्हणजे प्लेऑफ. पियाचेन्झाने बरोबरी केली तर ६८, अंतर बरोब्बर दहा, म्हणजे प्लेऑफ रद्द आणि दोघेही वर. म्हणजे जेनोआतला सामना जेनोआत खेळला जात होता, पण त्याचा निकाल लागणार होता साडेचारशे-पाचशे किलोमीटर दूर त्रिएस्तेत.

जेनोआत ०-० झालं. ते संपलं तेव्हा त्रिएस्तेतला सामना चालूच होता. हजारो माणसं कानाला रेडिओ आणि फोन लावून थांबलेली. मग बातमी आली: त्रिएस्तिना-पियाचेन्झा १-१. दोन्ही संघांचे समर्थक एकाच वेळी मैदानात. एरवी इटलीत पाहुण्या संघाच्या समर्थकांना जाळीच्या आड, पोलीस बंदोबस्तात बसवतात. इथे गळाभेटी चालल्या होत्या. यामागे जुनं नातं आहे, १९८२ पासून या दोन गावांच्या समर्थकांत दोस्ती होती, तिला तिकडे 'जेमेल्लाज्जो' म्हणतात. पंचवीस वर्षांच्या दोस्तीला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता.

०-० ठरवून झाला का, असं कुणी विचारलं तर मी एवढंच म्हणेन की बरोबरीने नापोलीचं काम होणार होतं, जेनोआचं हमखास होणार नव्हतं. जेनोआचा सगळा भरवसा तिसऱ्याच्या पायांवर होता.

अरेत्सोचं काय झालं? सुरुवातीला सांगितलंत ती गोष्ट हीच का?

हीच. जरा सावकाश सांगतो.

अरेत्सोलाही कॅल्चोपोलीतच शिक्षा झाली होती: उणे ६ गुण. युव्हेंटसच्या तुलनेत चिल्लर वाटते. त्यांनी हंगाम सुरू केला तो एका नवशिक्या प्रशिक्षकाच्या हाताखाली, आंतोनिओ कॉन्ते. तेरा वर्षं युव्हेंटसकडून खेळलेला, कप्तानपद भूषवलेला कॉन्ते. सुरुवात वाईट झाली आणि ऑक्टोबरअखेर त्याला काढलं. त्याच्या जागी आला माउरीत्सिओ सार्री, काही वर्षांपूर्वीपर्यंत बँकेत नोकरी करून उरलेल्या वेळात संघ शिकवणारा माणूस. सार्रीच्या अरेत्सोने तोरिनोत युव्हेंटसला २-२ असं रोखलं आणि इटालियन चषकात मिलानला घरच्या मैदानावर १-० हरवलं. तो मिलान त्याच वर्षी चॅम्पियन्स लीग जिंकला! पण लीगमध्ये गुण येईनात. मार्चमध्ये सार्री गेला आणि कॉन्ते परत आला.

थोडक्यात, २०१२ पासून युव्हेंटसला लागोपाठ तीन विजेतेपदं मिळवून देणारा प्रशिक्षक आणि २०२० मध्ये त्यांनाच विजेतेपद मिळवून देणारा दुसरा प्रशिक्षक, दोघेही एकाच हंगामात एकाच छोट्या संघातून हाकलले गेले. एवढं कथेत लिहिलं तर संपादक म्हणेल, अहो, पटत नाही.

परत आलेल्या कॉन्तेने संघाला उभं केलं. हंगामाच्या शेवटच्या टप्प्यात लागोपाठ पाच विजय मिळाले, अंतर भरत आलं. शेवटच्या दिवशी अरेत्सोने आपला सामना जिंकला. गणित सोपं होतं: स्पेत्सिया तोरिनोत युव्हेंटसकडून हरावा, निदान बरोबरीत राहावा. युव्हेंटसला त्या सामन्यातून काही मिळवायचं नव्हतं. स्पेत्सिया ३-२ जिंकला. अरेत्सो एका गुणाच्या फरकाने त्यांच्या खाली राहिला आणि तिसऱ्या वर्गात गेला.

कॉन्ते त्या दिवशी चिडून बोलला. युव्हेंटसच्या समर्थकांबद्दल आदर आहे, संघाबद्दल मात्र उरला नाही, अशा अर्थाचं. आपल्याच जुन्या घराबद्दल. चार वर्षांनी तो त्याच घरात प्रशिक्षक म्हणून परतला आणि पहिल्याच वर्षी एकही सामना न हरता विजेतेपद मिळवलं. ते निश्चित झालं ते काल्यारीविरुद्ध, त्रिएस्तेच्या मैदानावर. हो, तेच त्रिएस्ते.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा आकड्यांचा आहे. युव्हेंटसचे नऊ गुण कापले, आणि तरी ते सहा गुणांच्या फरकाने पहिले आले. अरेत्सोचे सहा कापले आणि एका गुणाने ते बुडाले. एकाच प्रकरणातली, एकाच प्रकारची शिक्षा. श्रीमंताच्या घरी दागिना गेला, गरिबाच्या घरी चूल विझली. कॅल्चोपोलीबद्दल पानंच्या पानं लिहिली जातात, त्यांत अरेत्सोला एखादी ओळ मिळते. २०१० मध्ये तो क्लब पैशाअभावी बंद पडला आणि हौशी वर्गातून नव्याने सुरू झाला.

स्पेत्सियाला दोष द्यायचा का मग?

छे. त्यांनी जिंकायचा सामना जिंकला. ला स्पेत्सिया हे लिगुरियातलं नौदलाचं बंदर, आणि त्यांचा संघ पन्नासहून अधिक वर्षांनी सेरी बीत आला होता. युद्धाच्या काळात, १९४४ मध्ये, तिथल्या अग्निशमन दलाच्या संघाने उत्तर इटलीची स्पर्धा जिंकली होती. महासंघाने त्याची दखल २००२ मध्ये घेतली. सरकारी काम, दुसरं काय!

तोरिनोत जिंकूनही त्यांना प्लेआउट खेळावाच लागला, समोर वेरोना. घरी २-१, तिकडे ०-०, आणि स्पेत्सिया वाचला. १९८५ चा इटलीचा विजेता वेरोना तिसऱ्या वर्गात गेला. त्यांच्याबरोबर अरेत्सो, क्रोतोने आणि पेस्कारा.

आणखी कोण लक्षात ठेवण्यासारखं?

ब्रेशाचा एक स्लोव्हाक पोरगा, मारेक हामशिक. त्या उन्हाळ्यात नापोलीने त्याला घेतलं आणि पुढची साडेअकरा वर्षं तो त्यांचाच राहिला. युव्हेंटसमध्ये मार्किझिओ आणि जोव्हिन्को यांना पहिल्यांदा संधी मिळाली ती सेरी बीमुळेच. लेच्चेत हंगामाची सुरुवात झ्देनेक झेमान यांनी केली, युव्हेंटसवर वर्षानुवर्षं टीका करणारे प्रशिक्षक. त्यांना डिसेंबरात काढलं. आल्बिनोलेफ्फे हा दोन खेड्यांची नावं जोडून बनलेला संघ, घरचे सामने बेर्गामोत. त्यांच्याविरुद्ध बुफोन खेळतोय हे चित्र डोळ्यांपुढे आणून बघा.

त्या वर्षी फुटबॉल थांबलं होतं, ते का?

२ फेब्रुवारी २००७ ला कातानिया-पालेर्मो या सेरी आच्या सामन्यावेळी दंगल झाली आणि एक पोलीस अधिकारी मारला गेला. देशभरातले सगळे सामने थांबवले गेले. नंतर सुरक्षेच्या अटी न पाळणाऱ्या मैदानांवर प्रेक्षकांविना खेळावं लागलं.

त्याआधी डिसेंबरात युव्हेंटसवर वेगळंच संकट आलं होतं. व्हिनोव्होच्या सराव केंद्रातल्या तळ्यात बुडून युवा संघातली सतरा वर्षांची दोन मुलं गेली. चेझेनाविरुद्धचा सामना पुढे ढकलला. गुणतक्ता वगैरे त्या आठवड्यात कुणाच्या डोक्यात नव्हतं.

वर गेलेल्या तिघांचं पुढच्या वर्षी काय झालं?

युव्हेंटस तिसरा, नापोली आठवा, जेनोआ दहावा. तिघांतला एकही खाली आला नाही.

हे विजेतेपद युव्हेंटसच्या खात्यात धरतात का?

सेरी बीचं म्हणून धरतात. राष्ट्रीय विजेतेपदांच्या यादीत नाही. समर्थक मात्र मोज्जींच्या काळातली ती काढून घेतलेली दोन विजेतेपदं धरून मोजतात, त्यामुळे कोणत्याही युव्हेंटसप्रेमीला एकूण किती असं विचारलंत तर वेळ काढून विचारा.

या सगळ्याचा पुण्याशी काय संबंध आहे म्हणे?

आहे! २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगचा पहिला हंगाम झाला, तेव्हा दाव्हिद त्रेझेगे एफसी पुणे सिटीकडून खेळला. घरचं मैदान बालेवाडीची शिवछत्रपती क्रीडानगरी. प्रशिक्षक फ्रांको कोलोम्बा, इटालियनच. गोलरक्षकांत एमानुएले बेलार्दी, जो युव्हेंटसमध्ये बुफोनच्या मागे राखीव म्हणून बसलेला होता. आणि क्लबमध्ये भागीदारी फिओरेन्टिनाची, तीच जी जुलै २००६ मध्ये अकरा दिवसांसाठी सेरी बीत गेली होती.

त्याच वर्षी देल पिएरो दिल्ली डायनामोजमध्ये होता. दिल्लीचा पहिलाच सामना पुण्याशी पडला आणि गोलशून्य बरोबरीत सुटला. रिमिनीच्या त्या संध्याकाळनंतर आठ वर्षांनी एकाच आघाडीचे दोन गोलंदाज (क्रिकेटवाल्यांनी रागावू नये, गोल करणारे या अर्थी) भारतात समोरासमोरच्या संघांत, आणि गोल एकही नाही. नंतर एकदा बालेवाडीच्या गॅलरीत माझ्या पुढच्या रांगेतला एक पोरगा वडिलांना विचारत होता, "बाबा, हा टकला कोण?" बाबा म्हणाले, "फ्रान्सचा आहे, मोठा होता." सेरी बीचा उल्लेख त्यांनी केला नाही. मला फार सांगावंसं वाटत होतं, पण तेवढ्यात कॉर्नर मिळाला.